चाक मोठं केलं हो!

पंधरा मिलिमीटर! फक्त १५ मिलिमीटर! बोटाचं एक पेरसुद्धा भरत नाही एवढी उंची! पण तेवढ्याने गाडीचं पोट जमिनीपासून वर उचललं गेलं, आणि मग जी गाडी नांगरटीतल्या ढेकळांवर पोट टेकवून चारही चाकं हवेत गरगर फिरवत बसायची तीच गाडी त्याच ढेकळांवरून टणाटण उड्या मारत थेट पलीकडच्या तुरीपर्यंत गेली, आणि मग तिच्यामागे मी गेलो, हातात रिमोट, पायात एकच चप्पल, आणि तोंडाने नुसतं ‘अरे! अरे! अरे!’ मी! ज्याला स्कूटरचा प्लग कुठे असतो ते अजून विचारावं लागतं, तो मी!

आता हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून तुम्ही सापडलात. बसा!

आधीच सांगून ठेवतो, यातलं मला काही कळत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. माती कळते, ढग थोडे कळतात, मोटर अजिबात कळत नाही. कुणी इंजिनिअर हे वाचत असतील तर त्यांनी खुशाल हसावं. पण वाचणं सोडू नये, कारण पुढे गंमत आहे!

तर झालं असं, की आमचं थोडं रान आहे तुळजापूर रस्त्याच्या बाजूला. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं, दिवाळी होती, आणि पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा एक मोठं खोकं घेऊन आला. खोक्यातून निघाला ट्रक. रिमोटवर चालणारा, खऱ्या ट्रकच्या एक दशांश मापाचा. ‘‘खेळणं आणलंस होय?’’ असं मी म्हणालो मात्र, त्याचा चेहराच पडला. ‘‘मामा, नुसतं धरून बघा,’’ म्हणाला. धरलं. जड! चांगलंच जड! आत खरोखरचे शॉकॲब्सॉर्बर, त्यांत खरोखरचं तेल! पुढे डिफरन्शियल, मागे डिफरन्शियल, त्यांतही तेल, आणि तेही कसलं, सिलिकॉनचं, घट्ट-पातळ हवं तसं बदलता येणारं! आणि वरची ती चकचकीत बॉडी? पॉलिकार्बोनेटची, पारदर्शक, आणि रंग दिलेला आतून! बाहेरून कितीही खरचटली तरी रंग जातच नाही, कारण रंग आतल्या बाजूला आहे! एवढी साधी गोष्ट, आणि मी पाच मिनिटं ती बॉडी उलटीसुलटी करून बघत बसलो. आतून रंग! सुचलं कसं कुणाला!

आणि मग त्याने ट्रिगर दाबला.

गेली! नुसती गेली! मध्ये काही झालंच नाही, इथे होती आणि तिथे होती! आणि आवाज कसला, एक बारीक चिरकी शीळ. शेजारच्या रानातला बैल मान वर करून बघायला लागला.

आता मोटरीचं ऐका, कारण इथे माझी पहिली विकेट पडली. या मोटरीला ब्रश नसतात. ब्रशलेस! जुन्या खेळण्यांतल्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागावर घासत असतात, त्यांतून वीज आत जाते, ते झिजतात, ठिणग्या उडतात, मोटर बसते. इथे घासायला काही नाहीच! तांब्याची वेटोळी जागच्या जागी, आणि मधोमध फिरतं ते लोहचुंबक. बाहेर येतात तीन वायरी. त्या तीन वायरी कशाला, हे मला समजेना, म्हणून मी ती मोटर खिशात घातली आणि आमच्या इथल्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडे गेलो. हा गडी वर्षभर विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटरी बांधतो. त्याने ती तळहातावर घेतली, वायरी मोजल्या आणि म्हणाला, ‘‘सर, ही तर थ्री फेज हाय की! दोन वायरी अदलाबदल करा, उलटी फिरंल.’’

अदलाबदल केली. उलटी फिरली!

म्हणजे बघा! शेतात पंप उलटा फिरायला लागला की वायरमन दोन फेज बदलतो, हे धाराशिव जिल्ह्यात शाळकरी पोराला माहीत असतं, आणि तेच, अगदी तेच, या लिंबाएवढ्या मोटरीत चालू होतं! फरक एवढाच, की विहिरीवरच्या मोटरीला तीन फेज खांबावरून येतात, सेकंदाला ५० आवर्तनं, आणि दोन पोलची असली तर ती मिनिटाला साधारण २,८८० फेरे घेते. इथे बॅटरीतून येते साधी एकदिश वीज, आणि मग ‘ईएससी’ नावाची काड्यापेटीहून जरा मोठी डबी तिचे तीन फेज करते! स्वतः! गाडीतल्या गाडीत! मोटरीवर लिहिलं होतं ३२०० केव्ही. मला वाटलं किलोव्होल्ट, आणि मी हात मागे घेतला! तसं काही नाही. एका व्होल्टला ३,२०० फेरे, मोटर मोकळी फिरत असेल तर. बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची. करा गुणाकार. ३५,५२०! मिनिटाला पस्तीस हजार पाचशे वीस फेरे! आणि मोटर चार पोलची, म्हणजे ती डबी सेकंदाला अकराशेहून जास्त आवर्तनं करत असणार! मी ते रिवायंडिंगवाल्याला सांगितलं तर त्याने हातातली वायरची रीळ खाली ठेवली. ‘‘पस्तीस हजार?’’ ‘‘पस्तीस हजार!’’ मग आम्ही दोघांनी चहा मागवला. दुसरं करणार काय!

आणि वर बघा, आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. बीएलडीसी. त्यातला ‘बीएल’ म्हणजे हेच, ब्रशलेस! इतकी वर्षं या जातीची मोटर डोक्यावर गरगरत होती आणि मी तिच्याखाली घोरत होतो! शेतात फवारणीचे ड्रोन येतात ना, त्यांच्या प्रत्येक पंख्याखालीही हीच!

बरं. तर गाडी भन्नाट, मोटर भन्नाट, पण आमचं रान? रान म्हणालं, थांब.

आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, मग भेगा पडतात, आणि नांगरली की ढेकळं निघतात नारळाएवढी. पुण्याच्या मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी गाडी इथे दोन हात गेली आणि पोटावर बसली. पुन्हा उचलली, पुन्हा बसली. भाचा म्हणाला, ‘‘मामा, चाकं मोठी टाकायला पाहिजेत.’’ मी म्हणालो, ‘‘टाक की मग!’’ एवढं सोपं वाटलं मला. चार नट काढायचे, चार नट लावायचे. चाक ते चाक!

पण नाही हो! चाक मोठं केलं की सगळी गाडी बदलते! हेच तर मला तुम्हाला सांगायचंय, याच्यासाठीच तर मी तुम्हाला धरून बसवलंय!

आधीची चाकं १२० मिलिमीटर व्यासाची. मागवली ती १५० ची. व्यास ३० ने वाढला, पण आस उचलला जातो त्याच्या निम्म्याने, म्हणून ते १५ मिलिमीटर! पार्सल आलं. फोडलं. टायर वेगळे, रिम वेगळ्या, आणि स्पंजाची चार मोठी कडी. मी टायर बोटांनी दाबले. मऊ! आणि खाचा एवढ्या खोल की करंगळीचं टोक आत जाईल! ते घेऊन मी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो, कारण मला वाटलं टायर रिमवर चढवायचा म्हणजे चाचाच पाहिजेत. चाचांनी टायर फिरवून फिरवून बघितला. ‘‘सर, व्हॉल कुठंय? हवा कुठून भरायची हिच्यात?’’

हवा नसतेच! काही नाही! आत तो स्पंज भरायचा आणि टायर रिमला चिकटवून टाकायचा! आणि वर मुद्दाम भोकं ठेवायची, आतली हवा ये-जा करावी म्हणून, नाहीतर गाडी आपटली की टायर फुग्यासारखा उडवून लावेल. चाचांनी आयुष्यभर भोकं बुजवली, आणि मी त्यांना सांगतोय की भोक मुद्दाम ठेवायचं असतं! ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला कायम लक्षात राहील.

चिकटवायचं कशाने? पातळ सुपरग्लूने, आपल्या फेविक्विकच्या जातीतलं. पण आधी टायरची कड साबणाने धुवायची, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर असतो. मग वाळवायची, स्पिरिटने पुसायची, मग कड रिमच्या खाचेत नीट बसवायची, टायर अंगठ्याने थोडा मागे ओढायचा, फटीत ग्लूचा एक थेंब सोडायचा, आणि मग बघायचं! तो थेंब आपोआप फटीतून पळतो! केशाकर्षण! शाळेच्या पुस्तकातलं केशाकर्षण माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर! बायकोलाही बोलावलं. तिने बघितलं, ‘‘छान,’’ म्हणाली, आणि ओटा कधी रिकामा होणार ते विचारलं.

आमच्या गल्लीत एक ऐंशी पार केलेले आजोबा आहेत. ते ओसरीवरून हे सगळं बघत होते. म्हणाले, ‘‘डिंकानं चिकटवायलास व्हय? आमच्या टायमाला धाव चढवायचे.’’ आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मग मी ग्लूची बाटली बंद करून ऐकतच बसलो. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवायची तर ती चाकाहून किंचित लहानच करायची! मुद्दाम लहान! मग गोवऱ्यांच्या आरात लालबुंद तापवायची, लोखंड फुगतं, धाव मोठी होते, तशीच सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची, लाकूड धूर सोडायला लागलं की पाणी ओतायचं. चर्रर्र! लोखंड आवळतं, आणि त्याबरोबर सगळे आरे तुंब्यात घट्ट बसतात. ना खिळा, ना डिंक! म्हणजे टायर बसवायची कला आमच्या गल्लीत आधीपासून होती आणि मी ती पुण्याहून मागवत होतो!

आणि मग जोडणी! नवी चाकं गाडीला बसेनातच. का? या गाड्यांत आसाच्या टोकाला सहा कोनांचा एक तुकडा असतो, त्याला हेक्स म्हणतात, त्याच्यावर चाक अडकतं. आमच्या गाडीचा हेक्स १२ मिलिमीटरचा, मोठ्या चाकांचा १७ चा! त्यासाठी मधला जोड मिळतो, चकचकीत ॲल्युमिनियमचा, चिंचोक्याहून जरा मोठा. तो लावला. बसलं! मग चाक वळवलं तर टायर बॉडीला घासायला लागला. मग बॉडी कापली, कात्रीने, चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या, आणि कापताना छाती धडधडत होती, कारण आतून रंगवलेलं ते सुंदर प्रकरण आणि माझा हात! मग स्प्रिंगा जरा कडक केल्या, कारण वजन वाढलं. मग वळवायची ती छोटी मोटर, सर्व्हो, कुरकुरायला लागली, कारण एवढी मोठी चाकं जागच्या जागी वळवायची म्हणजे तिच्या मानाने डोंगरच. चार चाकं बदलायची होती हो! फक्त चार चाकं!

आणि मग पळवली!

आधीचेच दाते ठेवले होते, मुद्दाम, फरक दिसावा म्हणून. मोटरीच्या टोकाला एक चिमुकलं दातेरी चाक असतं, पिनियन. आमचं १५ दात्यांचं. ते ५७ दात्यांच्या मोठ्या चाकाला फिरवतं, ते पुढे डिफरन्शियलला, आणि सगळा हिशेब केला तर मोटरीचे जवळजवळ ११ फेरे होतात तेव्हा गाडीचं चाक एकदा फिरतं. आता चाक एकदा फिरलं की गाडी किती पुढे जाते? त्याच्या घेराएवढी! १२० च्या चाकाचा घेर ३७७ मिलिमीटर. १५० च्या चाकाचा ४७१! मोटर तीच, फेरे तेच, आणि प्रत्येक फेऱ्याला गाडी पाव हिश्शाने जास्त पुढे! कागदावर मांडलं तर ताशी ७४ किलोमीटरच्या जागी ९३! कागदावर बरं का, वारा नाही, ढेकळं नाहीत, वजन नाही. पण कागदावर तरी!

पण हा पाव हिस्सा फुकट मिळत नाही. जेवढी चाल वाढली तेवढा जोर घटला. मोठं चाक लावणं म्हणजे वरचा गिअर टाकणंच! सायकल चढावर वरच्या गिअरमध्ये घातल्यावर मांड्यांना जे होतं ते या मोटरीला होत होतं. थांबलेली गाडी सुटताना खडखड करायला लागली, थरथर करून मग उचल घ्यायला लागली. त्याचंही कारण आहे, आणि ते ऐकून मी टाळीच वाजवली! या मोटरीत चुंबक नेमकं कुठे उभं आहे हे त्या डबीला मोटर थांबलेली असताना कळतच नाही! चुंबक फिरायला लागलं की वेटोळ्यांत उलटा दाब तयार होतो, त्यावरून ती ओळखते. तोवर अंदाजपंचे! अंधारात चाचपडत दार शोधते बिचारी! आणि चाक जड असेल तर चाचपडणं वाढतं.

आणि गरम! मोटरीवर बोट ठेवलं, ठेववेना! घरात कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची गन पडली होती, ती आणली, मोटरीवर रोखली, आणि तिने हातच टेकले. तिला माणसाच्या तापापुढचं काही दिसतच नाही! मग रिवायंडिंगवाल्याची मोठी गन आणली. तो म्हणाला, ‘‘सर, चुंबक तापलं की मरतं.’’ आणि खरंच! ही नीओडिमियमची चुंबकं जबरदस्त असतात, पण साध्या प्रतीची ८० अंशांच्या पुढे कायमची अशक्त व्हायला लागतात. थंड झाली तरी गेलेली ताकद परत येत नाही! आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवाच चाळिशी ओलांडते. म्हणजे मोटरीचा निम्मा ताप आपल्या सूर्याने आधीच भरून ठेवलेला!

मग उपाय? इथे मी खुर्चीवरून उठलो होतो, तुम्हीही उठा! चाक सव्वापट झालं ना? १५० भागिले १२० म्हणजे सव्वा. तर मग पिनियन सव्वापटीने लहान करायचं. १५ भागिले सव्वा किती? १२! पुरे बारा! अपूर्णांक नाही, उरलंसुरलं नाही! १२ दात्यांचं पिनियन लावलं की मोटरीला पत्ताच लागत नाही की बाहेर चाक बदललंय! सुटतानाचा जोर पुन्हा पहिल्यासारखा, वेग पहिल्यासारखा, आणि उंची मात्र नवी! मी तो हिशेब वहीत तीनदा केला, केवळ आनंदासाठी!

आणि ते पिनियन बसवायची रीत तर बघा! दोन दातेरी चाकं एकमेकांना फार घट्ट लागली तर झिजतात, सैल लागली तर दाते उडतात. मग फट किती ठेवायची? वहीच्या कागदाची एक पट्टी! ती दोन्ही चाकांच्या मध्ये घालायची, दाबून स्क्रू आवळायचा, मग हाताने फिरवून पट्टी बाहेर काढायची. फाटली तर घट्ट. पट्टी अख्खी, आणि तिच्यावर बारीक नागमोडी घडी उमटलेली, एकसारखी, टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे बरोबर! एवढं सगळं पस्तीस हजार फेऱ्यांचं प्रकरण, आणि त्याचं माप काय, तर वहीचा कागद! ती पट्टी मी पाकिटात ठेवलीय. हसा!

आणि मग पुन्हा पळवली. मोटरीवर बोट ठेवलं. ठेवता आलं! आणि गाडी ढेकळांवरून गेली, बांध चढली, बांधावरून उडाली, आणि मग हवेत नाक खाली करून पडायला लागली, आणि भाचा ओरडला, ‘‘मामा, ट्रिगर दाबा!’’ हवेत? चाकं जमिनीवरच नाहीत तर ट्रिगर दाबून काय होणार? दाबला. नाक वर आलं! हवेत! आपोआप! पुन्हा उडवली, या वेळी हवेत ब्रेक दाबला. नाक खाली! चाकं जोरात पुढे फिरवली की बाकीची गाडी उलट्या बाजूला फिरते, न्यूटनचा तिसरा नियम, आणि चाक जेवढं मोठं आणि जड तेवढा हा परिणाम जास्त! मोठ्या चाकांनी गाडीला हवेत सुकाणूच दिलं! मी पस्तीस-चाळीस पोरांना भूगोल शिकवताना पृथ्वी फिरवून दाखवतो, पण फिरणाऱ्या वस्तूची अशी मुजोरी कधी हातात धरली नव्हती!

आणि गुळगुळीत मुरमावर तर वेगळीच जादू. पूर्ण वेगाला ते मऊ टायर स्वतःच बदलतात! जोरात फिरल्यामुळे रबर बाहेर ओढलं जातं, टायर उंच होतो आणि अरुंद होतो, इतका, की चारही चाकं करंजीच्या कातण्यासारखी धारदार दिसायला लागतात! म्हणजे १५० चं चाक पळता पळता आणखी मोठं होतं! आणि थांबली की पुन्हा गुबगुबीत! हे होऊ नये म्हणून काही टायरांत आतून पट्टा घालतात. आमच्यात नाही. आणि मला तर नकोच! हे बघायलाच तर मी मुरमावर जातो!

हो, एक राहिलं. ओल. विहिरीच्या पाटाजवळ थोडी ओली काळी माती होती. गाडी तिथे शिरली, आणि काळ्या मातीने आपलं खरं रूप दाखवलं! खाचा भरल्या, टायर गुळगुळीत झाले, मग मातीवर माती बसत गेली, आणि चाकं १५० ची वाढून किती झाली ते देवाला ठाऊक! मोठं चाक फुकटात! आणि मग आमच्या वस्तीवरची एक उस्मानाबादी शेळी आली, काळीभोर, कान लोंबते, शांत, आणि तिने गाडी हुंगली, आणि एका टायरची खाच दातात धरून ओढून बघितली. पस्तीस हजार फेऱ्यांचं तिला काही कौतुक नव्हतं. टायर मात्र तिने पास केला असावा, कारण ती पुन्हा चावायला आली!

आता मला सगळीकडे चाकंच दिसतात. अमेरिकेतल्या बॉब चँडलर नावाच्या माणसाचं वाचलं. आपल्या फोर्ड पिकअपला मोठी, मग आणखी मोठी चाकं लावत गेला, तिला नाव दिलं ‘बिगफूट’, आणि १९८१ च्या सुमाराला ती जुन्या मोटारींवरून चालवून त्यांचा चपटा पत्रा करून दाखवला. मॉन्स्टर ट्रक नावाचं सगळं वेड त्यातून वाढलं. आणि तरी त्याचं समाधान होईना! अमेरिकी लष्करासाठी लेटूर्नो कंपनीने बर्फाळ मुलखातून रस्त्याविना चालणारी एक अजस्र गाडी बनवली होती, तिचे टायर त्याने १९८६ मध्ये ‘बिगफूट ५’ ला लावले. दहा फूट उंच! माझ्या घराच्या छताएवढे! आणि पुढच्याच वर्षी, १९८७ ला, जपानच्या तामिया कंपनीने ‘क्लॉड बस्टर’ नावाचा रिमोटवरचा मॉन्स्टर ट्रक काढला, दोन मोटरींचा, चारही चाकं वळणारा. म्हणजे मी या वेडात चाळीस वर्षं उशिरा आलोय! आणि रिमोटचं म्हणाल तर निकोला टेस्लाने १८९८ मध्येच न्यूयॉर्कला पाण्याच्या टाकीत रेडिओवर चालणारी बोट लोकांना दाखवली होती. एकशे वीस वर्षांहून जास्त उशीर! जाऊ द्या!

पण मला सगळ्यात जास्त कोण आठवतं माहितीये? परांडा! आपला परांड्याचा किल्ला! विजापूरच्या बुरुजावर आज जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आहे ना, १५४९ मध्ये ओतलेली, पन्नास टनांच्या पुढे वजन असलेली, ती आधी परांड्याला होती, आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली! नेली कशी? आपल्याच मुलखातून! याच काळ्या मातीतून! पन्नास टन! कसली चाकं, किती बैल, कोणत्या महिन्यात निघाले, चिखल लागला तेव्हा काय केलं? मी रात्री दोन वाजता उठून याचाच विचार करत होतो. माझी गाडी चार किलोची आहे आणि मला १५ मिलिमीटरसाठी इतकं करावं लागलं!

आणि ट्रॅक्टर! इतकी वर्षं रोज बघतो, आणि मागचं चाक एवढं मोठं आणि पुढचं एवढं लहान का, हे कधी डोक्यात आलं नव्हतं! मागचं चाक मोठं म्हणून वजन जास्त जागेवर पसरतं, माती कमी दबते, आणि ओढायला खाचा एका वेळी जास्त मिळतात. गावातल्या पोरांनी बुलेटला जाड-उंच टायर टाकलेत ना? त्यांचा स्पीडोमीटर आता खोटं बोलत असणार! चाकाचा घेर वाढला की काटा कमी दाखवतो आणि गाडी जास्त पळते! मी एकाला रस्त्यात थांबवून हे समजावून सांगितलं. त्याने ‘‘हो सर’’ म्हणून गाडी काढली ती थेट धुळीतच दिसेनाशी झाली. मोजपट्टी मी आता खिशातच ठेवतो. एसटीचं चाक मोजलं, ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचं मोजलं, टायरच्या बैलगाडीचं मोजलं, आणि मालकांनी विचारलं, ‘‘काय करायलाव सर?’’ तर म्हणालो, ‘‘अभ्यास!’’

तर तुम्ही या! पुढच्या रविवारी, सकाळी, ऊन व्हायच्या आत. एवढं वाचलंत म्हणजे तुम्हीही यात आलात, आता सुटका नाही! बॅटऱ्या मी आदल्या रात्री भरून ठेवतो, समोर बसून, कारण या लिथियमच्या बॅटऱ्या एकट्या सोडून कुठे जायचं नसतं, सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नसतो आणि खेळून झालं की ३.८ वर आणून ठेवायचा असतो. एवढी एकच गोष्ट मी गंभीरपणे करतो. बाकी सगळा पोरखेळ! तुम्ही बांधाच्या त्या बाजूला उभे राहा, मी या बाजूने उडवतो, आणि हवेत असताना ‘ट्रिगर!’ म्हणून तुम्ही ओरडायचं. भाचा पुण्याला परत गेलाय, त्याने गाडी इथेच ठेवलीय, आणि तो म्हणतो की बाजारात याहूनही मोठी चाकं मिळतात! १७० ची! मग पिनियन किती दात्यांचं लागेल? १५ गुणिले १२० भागिले १७०. साडेदहाच्या जरा वर! साडेदहा दाते? अर्धा दाता कुठून आणायचा? म्हणजे आता ५७ दात्यांचं ते मोठं चाकही बदलावं लागणार, आणि ते बदललं की आणखी काय काय बदलावं लागणार! वही उघडलीय, पेन्सिलीला टोक केलंय, तुम्ही येताना कॅल्क्युलेटर आणा!